दुधाळ रक्त

१४ एप्रिल २०१९

प्रिय काइसा,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू दचकली असशील, म्हणून आधीच सांगते, कुणी गेलेलं नाही. तुझी आई फ्लोरिडात उन्हात आहे, गुडघा दुखतो म्हणून कुरकुरते आणि तरी रोज दोन मैल चालून येते. मीही धडधाकट आहे. फोन करणार होते. तीनदा उचलला आणि ठेवला. फोनवर मी डॉक्टरासारखी बोलते हे तुला ठाऊकच आहे, काय झालं, काय करायचं, ठेवते आता. आजचं सांगणं तसं उरकण्यासारखं नाही. दरवर्षी नाताळच्या कार्डावर मी तुला ‘सगळं ठीक, बर्फ फार’ एवढंच लिहीत आले. यंदाही बर्फ फार होता, आणि सगळं ठीक नव्हतं.

दवाखाना आता आठवड्यातून तीनच दिवस उघडते. मी या गावात आले तेव्हा आसपास एकोणतीस गोठे होते. थंडीत गाय अडली की माणसं अंगणात येऊन हॉर्न वाजवायची, आणि मी पायजम्यावरच कोट चढवून निघायची. आता एकही गोठा नाही. कुत्र्यांची नखं कापते, म्हाताऱ्या मांजरांची मूत्रपिंडं तपासते. वरच्या मजल्यावर माझ्या दोन खोल्या आहेत, त्यातल्या एकीतच राहते, दुसरी तापवायला उगाच लाकूड जातं. शनिवारी सौना, म्हणजे ती वाफेची न्हाणी, मात्र अजून पेटवते. एका माणसासाठी पेटवायलाही लाकडं तेवढीच लागतात, हे तुझी आई इथून गेल्यावर कळलं. आम्ही दोघी बहिणी वरच्या फळीवर बसून गावातल्या सगळ्यांची उणीदुणी काढायचो. आता मी खालच्या फळीवर बसते, दहा मिनिटांत बाहेर येते. वेलदोड्याची वेणी-पावाची लादी आणली की तिचा शेवटचा तुकडा दगड होऊनच संपतो. हे रडगाणं नाही. माझे दिवस कसे जातात ते तुला माहीत असावं, म्हणजे मार्चमध्ये जे झालं त्यात मी इतकी का गुंतले ते कळेल.

उर्हो साल्मेला तुला आठवत असेल. तुमच्या शेताच्या कुंपणापलीकडचा, उंच, कानांवर केस असलेला, जो तुला ट्रॅक्टरवर बसवायचा. आता एकोणऐंशीचा आहे. त्याची बायको सेन्या चार वर्षांपूर्वी गेली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, दवाखाना बंद असतो त्या मंगळवारी, तो मागच्या दारावर थापा मारत उभा राहिला. “हेल्मी, उघड! बंदची पाटी मला वाचता येते गं, मांजरांना येत नाही.” त्याच्या हातात बुटांचं खोकं होतं. आत सेन्याच्या लोकरी स्वेटरवर पाच आठवड्यांची दोन पिल्लं पडली होती. पडली होती असंच म्हणायला हवं, बसली नव्हती. “मिर्रीला सहा झाली,” तो म्हणाला, “एक काल गेलं. ही दोघं त्याच वाटेला लागलीत. बाकीची तिघं माझे पडदे फाडतायत.”

काट्यावर ठेवलं तर एक तीनशे दहा ग्रॅम, दुसरं साडेतीनशे. पडदे फाडणारी भावंडं जवळजवळ दुप्पट असणार. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या तर त्या कागदासारख्या. पिल्लू असं पांढरं पडलं की मनात पहिल्यांदा पिसवाच येतात, त्या एवढ्याशा जिवाचं रक्त पिऊन संपवतात. बारीक कंगवा फिरवून ओल्या पांढऱ्या कागदावर झटकला. पिसवा असत्या तर कागदावर लालसर ठिपके उमटले असते. कागद कोरा राहिला. जंतही नव्हते. मग डोळ्यात उजेड टाकून आत पाहिलं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर शिरा लाल दिसायला हव्यात, कोवळ्या पानावरच्या रेषांसारख्या. इथे त्या फिक्या, पिवळट-पांढऱ्या होत्या. तेव्हाच मला शंका आली. तरी मी मानेतल्या शिरेतून चार थेंब काढले. टोमॅटोच्या सुपात कुणी भरपूर दूध ओतावं, तसं काहीतरी नळीत उतरलं. मी स्टूल ओढून खाली बसले. तसं रक्त मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहत होते.

“काय गं? भूत पाहिलंस?” उर्हो म्हणाला. आणि माझ्या तोंडून काय निघालं सांगू? आधी कधीतरी जे निघालं होतं, नेमकं तेच. “यांना साय कोण घालतं?” उर्हो खवळलाच. “साय? अगं, गावात गाय राहिलीय का एक तरी? मी स्वतः पावडर टाकून कॉफी पितो आणि मांजरांना साय घालू? अजून बशीला तोंडसुद्धा लावत नाहीत ती. आईला पितात नि झोपतात. दुसरं काही पोटात गेलेलं नाही त्यांच्या, चर्चमध्ये उभा राहून सांगेन हवं तर.”  मी पिल्लांना शेगडीजवळ ठेवलं आणि त्याच्यासाठी कॉफी टाकली. 

भरल्या पोटी कुणाचंही रक्त थोडं गढूळ दिसतं. म्हणून काही तास आईपासून दूर ठेवून दुसऱ्या पिल्लाचं रक्त काढलं. तेही तसंच. साखर तपासली, ती ठीक होती. मग ती नळी फ्रिजमध्ये माझ्या दुधाच्या बाटलीशेजारी उभी करून ठेवली. ही फार जुनी आणि साधी तपासणी आहे, तिला कसलं यंत्र लागत नाही. सकाळी दार उघडून पाहिलं. तळाशी लाल गाळ, मधे स्वच्छ पिवळसर पाणी आणि सगळ्यांत वर पांढराशुभ्र घट्ट थर. अन्नातली चरबी रक्तात उतरत होती आणि फुटतच नव्हती. दुधातून आलेली, तशीच फिरत राहिलेली. मी ती नळी उजेडात धरून किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. मग राज्याच्या पशुवैद्यक कॉलेजात फोन लावला. रक्ततपासणीच्या विभागातल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. आवाजावरून माझ्या निम्म्या वयाच्या असाव्यात. “नमुना आजच पाठवा डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “पण आमच्या उत्तराची वाट बघत बसू नका. आईचं दूध या क्षणापासून बंद.”

ऐकायला सोपं वाटतं. पाच आठवड्यांच्या पिल्लाला आईपासून तोडून खायला शिकवायचं, आणि तेही अंगात रक्त नसलेल्या. कोंबडीच्या छातीचं मांस कातडी काढून उकडायचं, गार करायचं, वर आलेला तेलाचा तवंग काढून टाकायचा, कमी चरबीच्या डब्यातल्या खाण्यात मिसळून चाळणीतून गाळायचं आणि बोटाच्या टोकावर घेऊन टाळूला लावायचं. दर दोन तासांनी. उर्हो रोज सकाळी आठला यायचा आणि अंधार पडायच्या आत घरी जायचा. “मिर्री शेडचं दार खरवडतेय,” तो दुसऱ्या दिवशी म्हणाला. “तिघं आहेत तिच्याजवळ, तरी ह्या दोघांना शोधतेय. तिला काय सांगू मी?” मी म्हटलं, “सांग, तुझंच दूध बाधतंय.”  “हेल्मी, तुला माणसांची डॉक्टर केली नाही ते बरंच झालं.” त्याचं बरोबर होतं. मी हे असलं आयुष्यभर बोलत आले आहे.

लहान पिल्लाला नुसत्या पथ्यानं भागणार नव्हतं. श्वास लागला होता. दवाखान्यातला बोका पेक्का सहा किलोचा आहे आणि जगातल्या प्रत्येकावर रागावलेला. त्याचा रक्तगट कार्डावर तपासला, पिल्लाचा तपासला, जुळला. पेक्काला गुंगी देऊन रक्त घेतलं. पण पिल्लाची शीर सापडेना. सगळ्या शिरा दोऱ्यासारख्या चपट्या झाल्या होत्या. मग मांडीच्या हाडात सुई घातली. हाडाच्या आतल्या मज्जेतून रक्त लगेच शरीरात जातं. सहा मिलीलीटर रक्त, एका मोठ्या चमच्यातही मावेल एवढं, दोन तास थेंबथेंब. दुपारची वेळ होती, बाहेर छपरांवरून बर्फाचे लोट घसरून धपकन पडत होते, आणि उर्हो त्या पिल्लाला दोन्ही तळव्यांत धरून न हलता बसला होता. मधेच म्हणाला, “सेन्याच्या वेळी मला खोलीच्या बाहेर बसवलं होतं. आत नळ्या लावतायत म्हणाले. बाहेरच्या खुर्चीवर बसलो तो बसलोच. मला कुणी धरायला दिलं नाही.” मी घड्याळाकडे पाहत थेंब मोजत राहिले. 

ते पिल्लू जगलं. जे त्याच्यापेक्षा बरं दिसत होतं, ज्याची मला काळजी वाटत नव्हती, ते चौथ्या दिवशी सकाळी गेलेलं सापडलं. उर्होनं त्याला स्वेटरच्या बाहीत गुंडाळून नेलं. जमीन अजून दगडासारखी गोठलेली, म्हणून वसंतापर्यंत लाकडाच्या शेडमध्ये ठेवलं. आठव्या दिवशी उरलेल्याच्या हिरड्यांना रंग आला. सोळाव्या दिवशी मी पुन्हा रक्त काढलं आणि ते लाल होतं, काइसा, साधं लाल, जसं असावं तसं. उर्होनं नळी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. “हे एवढंच हवं होतं का?” म्हणाला. त्यानं पिल्लाचं नाव हेल्मी ठेवलंय. चावते म्हणून.

त्याच आठवड्यात कॉलेजचं उत्तर आलं. रक्तातली चरबी फोडणारं एक एन्झाइम शरीरात तयार व्हावं लागतं, ते या पिल्लांत तयारच होत नव्हतं. जन्मजात खोट. आईबाप दोघंही दिसायला ठणठणीत असतात, फक्त दोघांजवळ ती लपलेली असते. दोन्हीकडून उतरली तर पिल्लू आजारी, नाही तर नाही. म्हणूनच सहातली तीन आजारी आणि तीन पडदे फाडणारी. अशा पिल्लांना पहिल्या दिवसापासून आईचं दूध सोसत नाही. साधं आईचं दूध. पत्राच्या शेवटी त्या बाईंनी विचारलं होतं, ही मांजरं मुळात कुठली, नात्यात जुगलेली आहेत का. मी उर्होला विचारलं. “म्हणजे काय?” तो म्हणाला. “तुझ्या बहिणीच्या गोठ्यातली. त्या उन्हाळ्यात तिच्याकडे तीन उरली होती ना, त्यातली एक मांजरी नि एक बोका सेन्यानं आणला. तेव्हापासून घरातल्या घरातच चाललंय त्यांचं. एवढ्या बर्फात बाहेर कुठे जाणार स्थळं बघायला?”

तीन उरली होती. हे वाक्य त्यानं सहज म्हटलं आणि पुढे काहीतरी बोलत राहिला. मला पुढचं ऐकूच आलं नाही.

आता ते लिहिते. तुला ते आठवतं, हे मला माहीत आहे. गेली एकोणतीस वर्षं आपण दोघी त्याला वळसा घालून चाललो. १९९० चा जुलै होता. तू सात वर्षांची होतीस. गोठ्याच्या वरच्या गवताच्या माळ्यावर मांजरीला सात पिल्लं झाली होती आणि तू दिवसभर तिथेच असायचीस. तुझे बाबा धार काढून झाली की दुधाची बादली थंड पाण्यात ठेवायचे. वर तरंगलेली साय तू बरणीच्या झाकणात काढून माळ्यावर न्यायचीस. चार पिल्लं पांढरी पडत चालली, तेव्हा तूच आईच्या मागे लागलीस, मावशीला बोलाव, मावशीला बोलाव. मला या गावात येऊन तीन वर्षं झाली होती. बाई डॉक्टर गाईला हात लावणार म्हटल्यावर अजून कित्येकजण दुसऱ्या गावच्या डॉक्टरला बोलवायचे. तुझे बाबा शिडीशी उभे होते, हाताची घडी घालून, तोंडात काडी. मी पिल्लाचं रक्त काढलं. ते दुधाळ गुलाबी होतं. असं रक्त मी कधी पाहिलं नव्हतं, वाचलं नव्हतं, कॉलेजात कुणी दाखवलं नव्हतं. मला काहीही कळत नव्हतं, काइसा. मी वळून विचारलं, “यांना साय कोण घालतं?”

तू हात वर केलास. शाळेत करतात तसा. मला मदत होतेय असं वाटलं तुला, चेहऱ्यावर तसं होतं. आणि मी म्हणाले, “मग बघ. तू दिलेली साय सगळी यांच्या रक्तात गेली.” नळी तुझ्यासमोर धरली. तुझे बाबा म्हणाले, “तरी मी सांगत होतो हिला.” मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मला बरं वाटलं. शिडीशी उभ्या असलेल्या माणसापुढे माझ्याकडे उत्तर होतं. तुझा हात अजून अर्धा वरच होता. तो तू हळूहळू खाली घेतलास. आठवड्याभरात चारही गेली. तू एकदाही रडली नाहीस, असं तुझी आई मला कौतुकानं सांगत होती. पुढच्या वर्षी तुला कुत्र्याचं पिल्लू आणलं, ते तू घेतलं नाहीस. बाबांनी ते परत केलं. मोठेपणी तू घरात कुंडीतलं झाडसुद्धा ठेवत नाहीस, असं तुझी आई लेम्पी हसत हसत सांगायची. मी हसायची नाही.

उर्होच्या त्या एका वाक्यानंतर मी रात्र व्हायच्या आत त्या सगळ्या गोष्टी कागदावर मांडल्या, दुसऱ्या कुणाची केस असावी तशा. तुझ्या झाकणातली साय सातही पिल्लं खायची. तू कुणाला वगळणारी मुलगी नव्हतीस, सगळ्यांना सारखी वाटून द्यायचीस. चार आजारी पडली. तीन तीच साय खाऊन, त्याच माळ्यावर, माझ्या डोळ्यांदेखत गवतात कोलांट्या मारत होती. एक तर माझ्या बॅगेत शिरलं होतं, मी त्याला मानगूट धरून बाहेर काढलं. उत्तर माझ्या हातात वळवळत होतं आणि मी त्याला बाजूला ठेवलं. कुठल्याही विद्यार्थ्यानं विचारलं असतं, साय दोषी असेल तर ही तीन कशी ठीक? मी विचारलं नाही, कारण मला उत्तर मिळालेलं होतं आणि ते मला सोयीचं होतं. खोटं सांगणार नाही, सायीनं त्या चौघांच्या रक्तात थोडी भर घातली असेल. पण साय नसती तरी आईच्या दुधानं तेच झालं असतं. यंदा झालं तसंच, गाय नसलेल्या गावात. त्यांना वाचवायचं तर त्यांना आईपासून तोडायला हवं होतं, आणि ते सांगणं माझं काम होतं, सात वर्षांच्या मुलीचं नाही.

याहून वाईट एक गोष्ट उरली आहे. ती न सांगता हे पत्र पाठवलं तर पुन्हा तेच केल्यासारखं होईल. मला हे मार्चमध्ये कळलं नाही. नीट, पुराव्यानिशी मार्चमध्ये कळलं, पण संशय अकरा वर्षांपूर्वीच आला होता. एका मासिकात या आजारावर लेख होता, नळीतल्या त्या पांढऱ्या थराच्या फोटोसकट. आजार नवा नव्हता, तुझ्या त्या उन्हाळ्याच्याही आधी कुणीकुणी तो ओळखला होता. फक्त मला ठाऊक नव्हता. मी तो लेख दोनदा वाचला. तू तेव्हा पंचवीस वर्षांची होतीस, नुकतीच सिएटलला गेली होतीस. मी एक पत्र लिहायलाही घेतलं. मग स्वतःला म्हटलं, एवढं जुनं कशाला उकरायचं, ती विसरलीही असेल. तुझं न ठेवलेलं कुंडीतलं झाड मला माहीत असताना मी हे म्हटलं. मासिक कपाटात ठेवलं. चुकीचं निदान कुणाचंही होतं, ते मी स्वतःला माफ करू शकते. ही अकरा वर्षं मला माफ करता येत नाहीत, आणि तू करावीस असंही मी मागत नाही.

गेल्या रविवारी लेम्पीचा फोन आला. तुझी नि मार्कसची एल्सी सहा आठवड्यांची झाली म्हणाली, वजन छान वाढतंय, डॉक्टर खूश आहेत. मग तिचा आवाज बदलला. म्हणाली, “हेल्मी, तिला झालंय काय काही कळत नाही गं. बाळाला पाजतच नाही. पंपानं दूध काढते, मार्कस बाटलीनं देतो. तो कामावर गेला की शेजारणीला बोलावते, पण स्वतः बाटली हातात धरत नाही. मी खोदून खोदून विचारलं तर म्हणाली, ‘आई, मी काही भरवलं की मरतं.’ याचा काय अर्थ गं?” मी लेम्पीला म्हटलं, मला ठाऊक नाही. एकोणतीस वर्षांपूर्वी जे वाक्य म्हणायला हवं होतं ते मी त्या दिवशी म्हटलं, आणि त्या दिवशी ते खोटं होतं. आज मी तिला आधी फोन करून सगळं सांगितलं आहे. ती रडली, आणि मग माझ्यावर जे ओरडायचं ते ओरडली. काइसा, तुझ्या हातून कुणी मेलेलं नाही. तू भुकेल्या जिवांना खाऊ घातलंस, एवढंच केलंस. बाकीचं मी केलं. हे तुला फक्त मावशी म्हणून सांगत नाही, त्या पिल्लांची डॉक्टर म्हणूनही सांगते, आणि या वेळी तपासून सांगते. एल्सीला असलं काही नाही, तिला तुझं दूध मानवतंय, म्हणून तर तिचं वजन वाढतंय. हे वाचून होईतो ती जागी होऊन रडायला लागली असेल. मार्कसला हाक मारू नकोस. तू घे तिला.

तुझीच,
हेल्मीमावशी